माझ्या पायाखालची माती

दृष्ट-बिष्ट मी कधीच मानली नाही. वडील मास्तर, असल्या गोष्टी ते हसण्यावारी न्यायचे. तरी इतकी वर्षं पोटात ठेवलेलं आज सांगून टाकते...

निजामाच्या राज्यातली गोष्ट, उमरग्याची. माझ्या लग्नाला सहा वर्षं झालेली आणि कूस रिकामी. धाकटी जाऊ गिरिजा मात्र वर्षातच आई झाली. तिची गौरी दीड वर्षाची — उजव्या गालाला अशी खळी पडायची की आला-गेला आधी तिलाच उचलायचा. माझा नुसता जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू? एका दुपारी भाकरी थापता थापता मी त्या खळीकडं बघत राहिले. मनात आलं, जळो मेली ती खळी!

संध्याकाळी तोच गाल फुगला. सकाळी डोळा मिटलेला, ओठ सुजलेले, घोटभर दूध गिळेना. गालगुंड म्हणावं तर ताप नाही. गांधीलमाशी म्हणावी तर डंख नाही. बिब्बा उतला म्हणावं तर घरात बिब्बाच नव्हता. हकीमसाहेबांनी लेप दिला, पण गुण येईना. सोलापूरला न्यायचं तर रझाकारांच्या धामधुमीत रस्ते बंद.

आमच्याकडं दृष्ट काढताना मीठ-मिरच्यांत संशय असलेल्या बाईच्या पायाखालची माती घालतात, तिला कळू न देता. सासूबाईंनी गल्लीतल्या चौघींची आणली. मिरच्या चुलीत जळाल्या, पण कुणाला साधा ठसका लागला नाही, म्हणजे दृष्ट उतरलीच नाही.

"शिवशिव! लई जबर नजर हाय," सासूबाई म्हणाल्या.

घरच्या सुनेवर संशय कोण घेणार?

तिसऱ्या दिवशी पोरीचं रडणंही थांबलं. मग मात्र मला राहवेना. अंगणात पाऊल दाबलं, त्याखालची माती चिमटीत धरली आणि सगळ्यांदेखत सासूबाईंपुढं केली. "ही घाला. माझी हाय."

त्या बघतच राहिल्या. पण घातली. ह्या वेळी सगळं घर खोकत बाहेर पळालं! आणि दुपारी गौरीनं डोळा उघडला, दूध मागितलं.

मी गिरिजाचे हात धरले. "चुकले ग मी."

ती हळूच म्हणाली, "अक्का, तुमच्या पायाची माती म्या पहिल्याच दिवशी घातली होती. गुपचूप. काय फरक पडला न्हाय."

गौरीचा मुलगा, आमचा डॉक्टर नातू, म्हणतो, ॲलर्जी असेल, आपोआप उतरली. असेल बाबा. चार दिवसांनी खळी पुन्हा पडली आणि मी पुन्हा जळले, तरी पोरीला काही झालं नाही. त्याचंही उत्तर माझ्याकडं नाही.

पण त्याहून एक कळत नाही. पहिल्या दिवसापासून सगळं ओळखून होती गिरिजा... तरी ते तीन दिवस आडावर पाण्याला जाताना पोरीला ती माझ्याच मांडीवर ठेवून जायची.