हाराखालची लाल नळी

सांगलीच्या मिस्त्रीनं मला फसवलं. मी कोयनानगरच्या सुभेदारांना फसवलं नाही. दोन्ही वाक्यं सारखीच खरी आहेत, पण पाटणपासून कोयनेपर्यंत लोक पहिलं ऐकून घेतात आणि दुसऱ्याला हसतात. म्हणून हे लिहून ठेवतोय.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी साताऱ्यात जुन्या गाड्या घ्यायचो आणि विकायचो. त्याआधी ट्रक धुतले, मग चालवले. कुणी हात दिला नाही, त्यामुळे कुणाचे उपकारही नाहीत. माझं भांडवल एकच होतं: या माणसाला कुणी गंडवू शकत नाही, असा बोलबाला. लोक माझ्याकडून गाडी घेत ती माझ्या गोड बोलण्यावर नव्हे. मला गोड बोलता येत नाही. ती गाडी घेताना मी आधीच्या मालकाची कातडी सोलली असणार, एवढ्या भरवशावर घेत.

त्या वर्षी माझ्याकडे एक जुनी विलायती मोटार होती. सुभेदारांना ती हवी होती. फौजेतून निवृत्त होऊन ते कोयनानगरला राहिले होते आणि घाटात प्रवासी ने-आण करायचा त्यांचा बेत होता. तिथल्या धरणाच्या वसाहतीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांनी माझी गाडी घेतली असती, तर त्यांच्यामागून अख्खी वसाहत माझ्या दारात आली असती. दसऱ्याच्या दिवशी गाडी घेईन, असं त्यांनी सांगितलं होतं.

इंजिन थकलेलं होतं, म्हणून ते सांगलीच्या मिस्त्रीकडे उतरवायला दिलं. मजुरीवरून आमची जुंपली. मी पाडली, त्यानं कबूल केली, हातावर हात मारला. देण्याआधी मी इंजिनावरच्या रबरी नळ्यांना पांढऱ्या ऑइलपेंटचे ठिपके लावून ठेवले. माझी सवयच ती. त्या नळ्या अस्सल होत्या, जाड, आत सुताचं विणकाम असलेल्या. तसा माल आपल्याकडे मिळत नव्हता. आणि या गाडीचे वायपर विजेवर चालत नसत. इंजिन हवा ओढतं, ती ओढ एका नळीनं वायपरपर्यंत जाते आणि त्या ओढीवर ते फिरतात. चढाला पाय दाबला की मंदावतात, पाय उचलला की पुन्हा पळतात. नळी गेली की वायपर मेले.

खंडेनवमीला गाडी न्यायला गेलो. गॅरेजात पान्हे, हातोड्या, जॅक, सगळं पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलेलं. माझ्या गाडीला या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत झेंडूचा जाड हार, तारेनं आवळून बांधलेला. बॉनेटच्या फटीवर कुंकवाचं स्वस्तिक, वर अक्षता. मी म्हटलं, "बॉनेट उघड. नळ्या बघायच्यात."

मिस्त्रीनं कानाच्या पाळ्या धरल्या. "आवं, पूजा झाल्या गाडीची. आता नव्या मालकाच्या हातनं नारळ फुटूस्तोवर बॉनेट उघडायचं न्हाई."

"कुठल्या शास्त्रात लिहिलंय?"

"आमच्या बाच्या. आणि हत्याराला तर आज हात लावायचा न्हाईच."

"नळी बघायला हत्यार कशाला लागतंय रं?"

"हात बी हत्यारच हाय की, शेठ."

मग त्यानं काचेवर तांब्याभर पाणी ओतलं, इंजिन चालू केलं आणि वायपर फिरवून दाखवले. झकास फिरले. मी बॉनेटचा हट्ट सोडला. भोळेपणानं नाही. सुभेदार देवभोळे होते. न मोडलेली पूजा आणि हारासकट आलेली गाडी बघून त्यांचं मन बसेल, हा हिशेब मी तिथल्या तिथे केला होता. हिशेब बरोबर होता. मिस्त्रीनंही तोच माझ्याआधी केला होता. माझ्याशी घासाघीस करण्यात अर्थ नाही, हे ओळखून त्यानं मधे देव उभा केला. देवाशी घासाघीस करता येत नाही.

दसऱ्याला सकाळी मी कोयनानगरला पोचलो. रस्ताभर लख्ख ऊन, वायपरची गरजच पडली नाही. सुभेदारांच्या घरासमोर रांगोळी काढलेली होती आणि त्यांच्या मंडळी आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. सुभेदारांनी हार पाहिला, खूश झाले, नारळ हातात घेतला. मग म्हणाले, "पैला कुंभार्ली घाटात एक चक्कर मारू. मग फोडू."

घाटात परतीच्या पावसानं गाठलं. वायपरचं बटण ओढलं. ते अर्ध्या काचेपर्यंत आले आणि थांबले. सुभेदार म्हणाले, "पाय उचला." उचलला. तरी हलेनात. समोरून एसटी भोंगा वाजवत आली, तेव्हा मला फक्त आवाज कळत होता, गाडी दिसत नव्हती. कशीबशी कठड्याच्या दगडाला टेकवून उभी केली. उतरलो, तो हार दोन्ही हातांनी तोडला आणि बॉनेट उघडलं.

आत माझी नळी नव्हती. तिच्या जागी एक लालभडक, बुळबुळीत नळी होती आणि ती चपटी होऊन आतल्या आत चिकटली होती. गार इंजिनावर ती ताठ राहते. इंजिन तापलं की मऊ पडते, आणि ओढ बसली की जिभेसारखी आत ओढली जाते. म्हणून गॅरेजात गार इंजिनावर तांब्याभर पाणी, आणि म्हणून स्वस्तिक. इंजिनातला धूर परत आत नेणारी दुसरी नळीही गेली होती. तिथं सायकलच्या ट्यूबचा तुकडा सुतळीनं बांधलेला.

सुभेदार छत्री धरून वाकले. "ही एनिमाची नळी हाय. मिलिटरी हॉस्पिटलात लय बघितल्यात."

मी म्हटलं, "सुभेदारसाहेब, आईशपथ, मला ठाऊक नव्हतं. मिस्त्रीनं मला फसवलं."

त्यांनी शांतपणे विचारलं, "ठाऊक असतं तर तुमी बदमाश. ठाऊक न्हवतं तर तुमी येडं. दोनीपैकी कुणाकडनं गाडी घिऊ म्हणता?"

पाऊस ओसरल्यावर मी गाडी मागे वळवली. त्यांच्या दारात परत आलो तेव्हा त्यांनी तो नारळ उचलला आणि तसाच घरात नेला. आरतीचं ताटही आत गेलं. बाहेर रांगोळी आणि मी.

दसरा सरल्यावर थेट सांगलीला गेलो. गॅरेजात माझ्या मोटारीच्याच जातीची दुसरी मोटार उभी होती, बॉनेट उघडं, इंजिन चालू. ती माधवनगरच्या एका गिरणीतल्या साहेबांची. साहेब खुर्चीत बसून बशीतून चहा पीत होते. मी इंजिनात वाकून बघितलं. माझ्या नळ्या. माझे पांढरे ठिपके.

मिस्त्री म्हणाला, "तुमच्या नळ्या कुजल्या व्हत्या. टाकून दिल्या. पांढरा रंग काय तुमच्या एकट्याच्या घरात मिळतोय व्हय?" आणि मग हळूच, "एवढ्या मजुरीत एवढंच बसतंय, शेठ."

मजुरी मी पाडली होती, खरं आहे. समोर उभा राहून, तोंडावर, चार माणसांत पाडली होती. परवडत नव्हतं तर 'न्हाई' म्हणायला त्याच्या जिभेला काय झालं होतं? कबूल करून मागून कापणाऱ्याला मी कारागीर म्हणत नाही. तो पाकीटमार, फक्त पाकिटाऐवजी बॉनेट.

माझं डोकं फिरलं. मी हात घालून ती नळी उपसली. साहेबांचं इंजिन फुसफुसलं, थरथरलं आणि बंद पडलं. साहेब ओरडले, "धरा, चोर आहे!" मी! चोर! आजूबाजूच्या पोरांनी मला धरलं, आणि साहेबांनी मिस्त्रीकडे बघून, माझ्याशी एक शब्दही न बोलता, सणासुदीला असली माणसं कशाला येऊ देता म्हणून विचारलं. चोरीच्या मालावर फिरणाऱ्याला चहा, आणि मालकाला गचांडी.

मिस्त्रीनं नळी माझ्या हातातून काढून घेतली. शर्टानं पुसली. टोकाला आतून थोडं तेल लावलं, हलकेच पिळत पूर्ण आत सरकवली, क्लिप आवळली, नळी कुठे तापलेल्या लोखंडाला टेकत नाही ना, ते बोटानं चाचपलं. इंजिन पुन्हा मऊ चालू लागलं. पोरांनी धरून ठेवलेलं असतानाच मी ते सगळं पाहिलं. म्हणजे त्याला येत होतं. नीट, निगुतीनं, आईनं पोराला टोपडं घालावं तसं येत होतं. मला दिलेली लाल नळी अडाणीपणानं बसवलेली नव्हती, माझी लायकी ठरवून बसवलेली होती.

ती मोटार मी पुढे भंगारवाल्याला दिली. धंदा दुसरीकडे केला, वाढवला, कुणाच्या बापाचं खाल्लं नाही. पण कोयनेच्या वसाहतीत मी आजही एनिमावालाच आहे. मिस्त्रीचं आता मोठं गॅरेज आहे, आणि खंडेनवमीला त्याच्या दारात गाड्यांना तसेच जाड हार पडतात. त्या हारांखाली काय काय झाकलेलं असतं, ते त्यालाच ठाऊक.

सुभेदार आता थकलेत, पण कान शाबूत आहेत. रोज सकाळी ओट्यावर बसतात. मिस्त्री, तू जा तिथं. हार नको, नारळ नको, तांब्या नको. त्यांच्यासमोर उभा राहा आणि मला जे विचारलं त्याचं उत्तर दे: बदमाश कोण होता? मी वाट बघतोय.