झाकलेला आरसा
डांबरगोळ्यांचा वास आला की मला इस्राएलच्या वाळवंटातल्या डिमोना गावातला तो पांढऱ्या चादरीने झाकलेला आरसा आठवतो. मी ख्रिस्ती प्रेमकथा लिहिणारी. बायबलच्या काळातल्या एका कादंबरीसाठी वाळवंट पाहायला गेले होते. मूळच्या ठाण्याच्या ज्या बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू, मावशींकडे उतरले, त्यांचे यजमान त्याच आठवड्यात वारले होते, आणि त्यांच्यात सुतकात आरसे झाकतात. भर दुपारी, बाहेर धुळीचा वारा सुटलेला असताना, मावशींनी डांबरगोळ्यांच्या वासाच्या त्या चादरीचं टोक उचललं, आत डोकावल्या आणि पुटपुटल्या, “माझ्या मागेच उभे आहेत. तुला दिसतात काय गो?” मी न बघताच “हो” म्हटलं. “मग डोक्यावर पदर घे, मोठे आहेत ते.” मी घेतला. आजही माझी नायिका आरशासमोर बसली की लिहिता लिहिता माझा हात पदराकडे जातो.