जुनं आधी संपव

सौदीत रास अल खैरच्या कॅम्पात आम्ही दोघे वेल्डर सहा वर्षं एका खोलीत राहिलो. तो गुहागरकडचा, मी चिपळूणचा. माझा एक नियम होता आणि तो मी सगळ्या खोलीवर लादायचो: जुनं संपल्याशिवाय नवं उघडायचं नाही. तांदूळ असो, साबण असो, नाहीतर घरून आलेली कोकमं. आईने लावलेली सवय, आणि मला ती मिरवायची हौस.

गेल्या रजेवरून तो आला आणि बॅगेतून गोळ्यांच्या नव्या बाटल्या काढल्या. कपाटात जुन्याही होत्या. ड्युटीच्या गडबडीत घ्यायच्या राहून गेलेल्या.

"डॉक्टरानं गोळी बदललीन," तो म्हणाला.

कसली, ते मी विचारलं नाही. प्रेशरची असेल असं धरून चाललो आणि वर अक्कल शिकवली, "मग ह्या काय वाळूत फेकणार हायस? जुनं आधी संपव."

तो हसला आणि त्याने माझं ऐकलं.

तीन-चार महिन्यांत तो वाळत गेला. ताप हटेना. दवाखान्यात रक्त तपासलं, एचआयव्ही निघाला. मग इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, खलास, तिथूनच परस्पर विमानात. मला धड भेटताही आलं नाही. गावी पोचून पंधरा दिवसांत तो गेला.

त्याचं सामान मी आवरलं. जुन्यातली शेवटची बाटली तळाला आली होती. नव्या सीलबंद होत्या. पिशवीत डॉक्टरांची चिठ्ठी होती: जुन्या गोळ्यांचा आता उपयोग होत नाही, त्या लगेच बंद करा. मी कॉटवर बसून रडलो. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मग त्याच्या बायकोचा, वहिनींचा, फोन आला.

"भावोजी, ह्यांना नव्या गोळ्या लागू पडल्या नाहीत. आता मला पण त्याच दिल्यानी हायत. माझा जीव धजत नाय. घेऊ की नको?"

नुसतं 'घ्या' म्हणून सुटलो असतो. पण त्यांनी घेतल्या नसत्या.

"घ्या, वहिनी. त्यानं त्या उघडल्याच नव्हत्या. मीच म्हटलं होतं, जुन्या आधी संपव."

 

"म्हणजे ह्यांना लागू पडल्या असत्या?" त्यांनी विचारलं.

"बहुतेक हो," मी म्हणालो.