तुपकट खाऊनही बारीक राहणारे उंदीर आणि आमचा नाना

टेकडी चढून-उतरून आलं की खाली पोहे-जलेबीवर ताव मारणारे आपल्या या ग्रुपवर बरेच जण आहेत. आज सकाळचं हे खास त्यांच्यासाठी.

माझी भाची सुट्टीला देवासला आली आहे. ती प्रयोगशाळेत उंदरांवर काम करते. पोहे खाताना ती सांगत होती, शरीरात चरबी बनवायला लागणाऱ्या एका एन्झाइमचा जीन बंद केला, तर उंदीर तुपकट खाऊनही बारीकच राहतात.

माझा घास हातातच राहिला. पोहेवाला माझ्या पोटाकडे बघत म्हणाला, “दीदी, भिया का भी बंद करवा दो!”

मी म्हटलं, “आपल्या नानाचा तो जन्मतःच बंद असणार!” शेजारीच बसलेला नाना माझा शाळेपासूनचा मित्र. पोह्यांवर मूठभर शेव, वर जलेबी, तरी पोट आत.

“मामा, पुढचं तर ऐका,” भाची म्हणाली. “त्या उंदरांची कातडी कोरडी पडते, केस जातात. थंडी तर अजिबात सोसत नाही.”

“म्हणजे नानाचंही तसंच?”

“उंदरांवरून माणसाचं असं सांगता येत नाही.”

नानानं मात्र मफलर घट्ट केला. “जीनचं मला ठाऊक नाही बुवा. पण टेकडीवर मी रोज तुझ्या मागे का चालतो? तू पुढे असलास की वारा लागत नाही.”

आणि मी इतकी वर्षं समजत होतो, ह्याला चढ झेपत नाही!

तुमच्या आडोशानं कोण चालतंय, कधी मागे वळून विचारलंत का?