पंच्याच्या टोकातला कांदा

काल धुवायला टाकलेल्या सदऱ्याच्या खिशात कांदा निघाला आणि त्या उग्र वासाने आई गेली तो मे महिना आठवला. तेव्हा सोलापूरच्या आमच्या घरी, माडीवर, जर्मनीहून मराठी शिकायला आलेली एक मुलगी राहत होती. तिकडे तिच्या घरी पंखासुद्धा लागत नसे आणि इथे पारा चव्वेचाळीसवर. आई तिच्या खिडकीला ओली चादर लावायची आणि ती शिकवणीला निघाली की ऊन बाधू नये म्हणून पर्समध्ये कांदा टाकायची. पुस्तकातली भाषा शिकायला आलेली ती पोरगी हळूहळू आईसारखीच बोलू लागली. आई पहाटे गेली, आम्ही निघेपर्यंत भरदुपार झाली. मी अनवाणी, खांद्यावर पंचा, हातात विस्तवाचं मडकं. एवढ्यात ती स्वयंपाकघरातून धावत आली आणि माझ्या पंच्याच्या टोकात कांदा बांधू लागली. आत्या ओरडली, "अगं, आज कांदा कुटं आणतीस? सुतक हाय की!" ती रडतच म्हणाली, "आईच म्हणल्या होत्या, कांद्याबिगर उन्हात जायचं न्हाय. दादा उन्हात चाललेत की." तिची गाठ सैल पडली होती, ती आत्यानेच घट्ट केली. स्मशानात अग्नी देण्याआधी मी ती सोडली आणि कांदा आईच्या हाताशी ठेवला. ऊन तिच्याही अंगावर होतंच. हल्ली घरातून निघताना कांदा मी आठवणीने खिशात टाकतो, पण काढायचा राहून जातो. तो आई काढायची.