मंद उजेडाची शिट्टी

आबांचे कान गेले असं गटाने परस्पर ठरवून टाकलं, तेव्हा माझं डोकं फिरलं. आबा म्हणजे माझे वडील. जिल्ह्यातल्या हौशी रेडिओवाल्यांच्या या गटाची हजेरी दर रविवारी सकाळी ते भिंगारच्या आमच्या घरून घ्यायचे. हातात मावणारा वायरलेस सेट, आवाज पुढे पोचवणाऱ्या डोंगरावरच्या टॉवरची मदत आणि एकेका गावाला हाक. राजूरच्या वरच्या वाड्यांमध्ये पावसाळ्यात मोबाईल मान टाकतो, म्हणून तिकडून येणाऱ्या बारीक आवाजाला आबा फार जपायचे. बाकीचा आठवडा ते या एका सकाळसाठी काढत.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर गडबड सुरू झाली. राजूरचा आवाज आला की आबा म्हणत, "परत सांगा. शिट्टी वाजतीय." काही रविवार लोकांनी परत सांगितलं. मग गटाचे प्रमुख, एक निवृत्त मास्तर, घरी आले. त्यांनी सेट हातात घेतला, स्क्रीन दिसेना म्हणून उजेड पूर्ण वाढवला आणि थोडा वेळ कानाला लावला. शिट्टी नाही की काही नाही. "सेट ठणठणीत आहे, आबा," ते हसत म्हणाले. "नाचता येईना अंगण वाकडं. वय झालं, आता विश्रांती घ्या." पुढच्या रविवारपासून हजेरी दुसऱ्याकडे गेली.

आबांनी सेट कपाटावर टाकला आणि रविवारी सकाळी बाजारात जायला लागले, काही आणायचं नसतानाही. मला ते बघवेना.

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. एका दुपारी सेट खाली काढला. उजेड मंद होता. ऑपरेशनपासून प्रखर उजेडाने आबांच्या डोळ्यांना पाणी येई, म्हणून मास्तर गेल्यावर त्यांनी तो पुन्हा खाली आणला होता. कानाला लावला, तर मलाही बारीक शिट्टी ऐकू आली. उजेड वाढवला, गेली. कमी केला, आली.

उजेड मंद करायचा म्हणजे सेटमधला प्रोग्रॅम स्क्रीनमागचा दिवा भराभर चालू-बंद करतो. डोळ्याला तो नुसता मंद दिसतो, पण त्या उघडझापीचा झटका स्पीकरच्या तारांत शिरतो आणि शिट्टी होते. पूर्ण उजेडात उघडझाप नाही, म्हणून शिट्टीही नाही. मास्तरांना ती ऐकू येणार कुठून?

मी हे सगळं रेडिओवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लिहिलं. मास्तरांचं उत्तर आलं, मग उजेड वाढवा की, त्यात काय. हेच मला झोंबतं. म्हाताऱ्या माणसाचं काही बिनसलं की जुळवून त्यानेच घ्यायचं, त्याने डोळे पुसत बसायचं, पण यंत्राला कुणी बोल लावायचा नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी लिहिलं, "उजेड वाढणार नाही. यंत्र बदलेल."

या सेटचा प्रोग्रॅम हौशी मंडळींनी खुला ठेवला आहे, ज्याला येईल त्याने दुरुस्त करावा. मी उघडझापीचा वेग इतका वाढवला की शिट्टी माणसाच्या कानाच्या पल्ल्याबाहेर जावी. पहिल्या खटपटीत स्क्रीनच काळी पडली. आबा म्हणाले, "आता शिट्टी बी न्हाई आन् सेट बी न्हाई." दुसऱ्यांदा जमलं. राजूरचा माणूस बोलत होता आणि त्याच्यामागे आरवणारा कोंबडासुद्धा स्वच्छ कळत होता. आबांनी सेट माझ्या हातातून घेतला आणि कितीतरी वेळ कानाला धरून बसले.

ही दुरुस्ती मग बाकीच्यांनीही आपापल्या सेटवर चढवली, मास्तरांनीसुद्धा. पुढच्या रविवारी ते सगळ्यांच्या देखत रेडिओवर म्हणाले, "आबांना आता नीट ऐकू यायला लागलंय, तेव्हा हजेरी त्यांनीच घ्यावी."

माझा राग पुन्हा उसळला. मी काही बोलणार, तोच आबांनी बोलायचं बटण दाबलं.

"आता न्हाई, मास्तर. मला तवाबी नीट ऐकू येत हुतं. शिट्टी हुती म्हनून मी सांगत हुतो. हे आदी कबूल करा, मंग हजेरी घेतो."

सगळा गट ऐकत होता. मग मास्तरांचा आवाज आला, "कबूल."

आबांनी आभारबिभार मानले नाहीत. घसा खाकरला आणि हजेरी सुरू केली.