मंदा मॅडमचे तीन अर्ज

“ऊठ वं, अन् नाई म्हणून सांग त्याईले!” पदोन्नतीच्या बैठकीत सोबत म्हणून आलेले बबनराव मागच्या रांगेतून असे ओरडले, की कोराडीच्या वीजकेंद्राची धुराडी दोन मिनिटं धूर सोडायचं विसरली असतील. पुढं त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या मंदा मॅडमचं नाव पुकारलं होतं. प्राथमिक शाळेचं मुख्याध्यापकपद, शाळा मौद्याच्याही पलीकडे, आणि यादीत पहिलं नाव बाईंचं. बाई उठल्या. माझ्या हातानं लिहिलेला नकाराचा अर्ज त्यांनी टेबलावर ठेवला आणि परत येऊन माझ्या शेजारी बसल्या... त्या मंदा मॅडम महिन्याभरापूर्वी गेल्या.

आम्ही दोघांनी कोराडीजवळच्या एकाच शाळेत अठरा वर्षं मास्तरकी केली. शाळेला मुख्याध्यापक नव्हताच, म्हणून प्रभार बाईंकडे. प्रभार म्हणजे काम सगळं, पद नाही. नागपुरातल्या प्रताप नगरहून दोन बस बदलून त्या यायच्या, तरी घंटेच्या आधी हजर. एकदा शाळेसमोरून भरधाव जाणारे कोळशाचे अकरा ट्रक त्यांनी नुसत्या पट्टीनं थांबवले आणि सगळ्या ड्रायव्हरांकडून सतराचा पाढा म्हणवून घेतला. बरं, ट्रक तीन असतील. पाढा मात्र खरा. अशी बाई मुख्याध्यापकाच्या खुर्चीत कधी बसली नाही. खुर्चीवर तपासायच्या वह्यांचा गठ्ठा, आणि बाई बाजूच्या स्टुलावर. “काहून नाई बसत हो?” मी विचारायचो. “वह्या पडतील ना सर,” त्या म्हणायच्या. साहेब तपासणीला आले की वह्या उचलायच्या, खुर्ची पुसायच्या आणि उभ्या राहायच्या.

त्या बैठकीतला अर्ज पहिला, तेव्हा पोराची दहावी होती. बाई कोरा कागद घेऊन आल्या. “सर, अर्ज लिहून द्या. तुमचं अक्षर चांगलं हाये.” अर्ध्या तालुक्याला अक्षर गिरवायला शिकवणारी बाई हे मला सांगत होती! मी लिहिलं, ‘कौटुंबिक अडचणींमुळे मी स्वेच्छेने पदोन्नती नाकारत आहे.’ ‘स्वेच्छेने’वर त्यांची नजर जरा थांबली... मग खाली सही. दुसऱ्या वेळी सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. तिसऱ्या वेळी बबनरावांनाच अर्धांगवायू झाला. ओरडायला त्यांची वाचा उरली नव्हती, आणि तोवर ओरडायची गरजही उरली नव्हती.

तिसरा अर्ज मी सगळ्यात सुंदर लिहिला. ठेवणीतला पेन काढला. यादीत बाईंच्या खालचं नाव माझं होतं, हे इतकी वर्षं मी कोणाला सांगितलं नाही... बाईंना माहीत होतं. मी मुख्याध्यापक होऊन मौद्याला निघालो तेव्हा पेढेही त्यांनीच वाटले. मी तिकडं खोली केली, बायकोनं डबा बांधून दिला, आणि ‘घरी कोण बघणार?’ असं मला एका माणसानंही विचारलं नाही.

निवृत्तीनंतरही बाई बारा वर्षं बबनरावांना भरवत राहिल्या. परवा प्रताप नगरला भेटायला गेलो, तर तीच वाटी, तोच चमचा आता सुनेच्या हातात. प्रणालीही शिक्षिका, वीस वर्षं झाली नोकरीला. खाटेजवळच्या खुर्चीवर वह्यांचा गठ्ठा होता. यंदा मुख्याध्यापकाच्या यादीत तिचं नाव आलंय, म्हणाली. शाळा मौद्याकडेच. ऐकलं आणि मी बबनरावांच्या वरताण ओरडलो, “घे वं पोरी! मौदा काय चंद्रावर हाये? तुह्या सासूनं तीनदा सोडलं, तू नको सोडू!” बबनरावांनी हळूहळू मान माझ्याकडे वळवली... प्रणालीनं त्यांची हनुवटी पुसली, वाटी खाली ठेवली आणि गठ्ठ्यातल्या वरच्या वहीतून एक कोरा कागद काढून माझ्यापुढं धरला.

“अर्ज लिहून द्या सर. आई म्हणायच्या, तुमचं अक्षर चांगलं हाये.”